बॅकअप फाइल नक्की कुठल्या डेटाबेसची? टॉवेल कारखान्यातल्या कामाच्या नोंदी

५ मे २०२५

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, आणि सीएंना २०१८-१९ ची सुताच्या खरेदीची बिलं आणि स्टॉक पाहिजे. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावं लागतं, म्हणजे "जुनं झालं, गेलं" म्हणून सुटका नाही. हातात आहे एक एक्स्टर्नल हार्डडिस्क, तिच्यात साठ-सत्तर फाइली. नावं अशी: डेटा नवीन, फायनल, फायनल २, दिवाळी, गड्डा, अ, आणि एकीचं नुसतं १.

अडचण फाइली जास्त आहेत ही नाही. हा कारखाना पूर्वी दोन भावांचा. धाकट्यांकडे टॉवेल, थोरल्यांकडे चिंचोळीला जॅकार्ड चादरी. दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकाच माणसाने बसवलं, त्याचा डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये, डेटाबेसचं नावही दोन्हीकडे एकच, आणि बॅकअप मात्र वर्षानुवर्षं याच एका डिस्कवर येत राहिले. आता वाटण्या झाल्यात. चुकून थोरल्यांची फाइल उघडून धाकट्यांच्या सीएला दिली तर एकाचे सुताचे रेट आणि पार्टीची उधारी दुसऱ्याच्या टेबलावर. घर वेगळं झाल्यावर असली गोष्ट किती चिघळते हे सोलापुरात कुणाला सांगायची गरज नाही. म्हणून ठरवलं की फाइल कुणाची हे पक्कं झाल्याशिवाय एकही डेटाबेस उघडायचा नाही.

पहिलं काम म्हणजे डिस्कची कॉपी. मूळ डिस्क कपाटात, काम फक्त कॉपीवर. नवी पेठेतून २ टीबीची डिस्क आणली, साडेपाच हजार रुपये. ऑफिसच्या जुन्या पीसीला यूएसबी २ चंच पोर्ट, त्यात दुपारी लाइट गेली, त्यामुळे कॉपी पहिल्यापासून. अख्खा दिवस त्यातच गेला.

६ मे

तारखेवरून काही कळतं का बघितलं. नाही कळत. निम्म्याहून जास्त फाइलींची मॉडिफाइड तारीख एकच, कारण मध्ये कधीतरी त्या गुगल ड्राइव्हवर चढवून परत उतरवलेल्या, आणि उतरवताना त्या दिवसाची तारीख बसली. डिस्कवरून डिस्कवर कॉपी केली तर विंडोजमध्ये मॉडिफाइड तारीख टिकते, पण मधला प्रवास कसा झाला हे कोण सांगणार. नाव आणि तारीख दोन्ही बाजूला ठेवले.

मग प्रत्येक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून सुरुवातीची अक्षरं बघितली. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण डॉट बॅक असं एक्स्टेन्शन आहे म्हणजे आत एसक्यूएल सर्व्हरचाच बॅकअप असेल असं काही नाही. एसक्यूएल सर्व्हरचा साधा बॅकअप 'टेप' या चार अक्षरांनी सुरू होतो, कारण आतला साचा मायक्रोसॉफ्टच्या जुन्या टेप फॉरमॅटचा आहे. कॉम्प्रेस केलेला असेल तर सुरुवातीला 'एमएसएसक्यूएलबॅक' दिसतं. आमच्याकडे बहुतेक 'टेप' वाल्या, थोड्या दुसऱ्या प्रकारच्या. दोन फाइलींच्या तोंडाशी 'पीके', म्हणजे त्या झिप, कुणीतरी एक्स्टेन्शन बदललेल्या. एक फाइल शून्य केबी. आणि एक साधी टेक्स्ट निघाली, पहिल्याच ओळीत 'मायएसक्यूएल डंप', त्याखाली होस्ट आणि डेटाबेसचं नाव सरळ वाचता येतं. ती हजेरीच्या मशीनची होती. मायएसक्यूएलचं हे बरं आहे, फाइल स्वतःच सांगते, आणि शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' असेल तर डंप अर्धवट नाही हेही कळतं. पोस्टग्रेसचा कस्टम डंप असता तर तोंडाशी 'पीजीडीएमपी' दिसलं असतं, आमच्याकडे तो नव्हता.

'टेप' वाल्या फाइलीत थोडं खाली गेलं की सर्व्हरचं आणि डेटाबेसचं नाव डोळ्याला दिसतं, पण प्रत्येक अक्षरानंतर एक टिंब घेऊन, कारण आत ते दोन-दोन बाइटने लिहिलेलं असतं. सरळ शब्द टाकून सर्च मारला तर सापडत नाही, एडिटरमध्ये युनिकोड सर्च लावायचा.

८ मे

आता हेडर, म्हणजे बॅकअप फाइलीत तिच्याबद्दलच लिहिलेली माहिती. कमांड एवढीच: रिस्टोअर हेडरओन्ली फ्रॉम डिस्क, पुढे फाइलचा पूर्ण पाथ. इथे देवनागरीत लिहितोय, टाईप अर्थात इंग्रजीत. नावात रिस्टोअर असलं तरी काही रिस्टोअर होत नाही, फक्त आतली माहिती वाचून दाखवते, घाबरायचं कारण नाही.

दिवाणजी शेजारी बसून होते, त्यांना विचारात पडलेलं बघून सांगितलं की बीमवर (ताण्याचं सूत गुंडाळलेला रोलर) चिठ्ठी बांधलेली असते ना, पार्टी कोण, सुताचा काउंट काय, मीटर किती, तशी ही चिठ्ठी फाइलीच्या आत असते, बाहेरचं नाव कुणी काहीही लिहो.

पहिल्याच फाइलीला एरर ३२०१, ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड. फाइल डेस्कटॉपवर होती. फाइल वाचतो तो एसक्यूएल सर्व्हरचा सर्व्हिस अकाउंट, आपण नाही, आणि त्याला आपल्या डेस्कटॉपवर शिरायची परवानगी नसते. ॲडमिन म्हणून चालवून वगैरे काही फरक पडत नाही. सगळ्या फाइली एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या बॅकअप फोल्डरमध्ये टाकल्या आणि चाललं.

पुढची अडचण व्हर्जनची. लॅपटॉपवर एसक्यूएल सर्व्हर २०१४ होता. हेडरमध्ये डेटाबेसव्हर्जन म्हणून कॉलम असतो, त्यातला आकडा लक्षात ठेवण्यासारखा: ६६१ म्हणजे २००८ आर२, ७०६ म्हणजे २०१२, ७८२ म्हणजे २०१४, ८५२ म्हणजे २०१६, ८६९ म्हणजे २०१७, ९०४ म्हणजे २०१९, ९५७ म्हणजे २०२२. आमच्याकडे ७८२ आणि ८६९ दोन्ही. नव्या व्हर्जनचा बॅकअप जुन्यावर रिस्टोअर होत नाही, ३१६९ एरर येतो आणि त्याला कुठलाही जुगाड नाही. मग २०२२ एक्सप्रेस उतरवून बसवला, फुकट आहे, फक्त डेटाबेस १० जीबीच्या आत पाहिजे. आमचे सगळे तीन-चार जीबीचे, त्यामुळे जमलं. कॉम्प्रेस केलेला बॅकअप एक्सप्रेसमध्ये घेता येत नाही पण रिस्टोअर करता येतो, हे विचारणारे बरेच असतात म्हणून लिहून ठेवतो.

१० मे

एक-एक फाइल हाताने बघणं शक्य नाही म्हणून लूप, म्हणजे तीच कमांड सगळ्या फाइलींवर आपोआप. नेटवर मिळणारी बहुतेक स्क्रिप्ट टेम्पररी टेबल बनवून त्यात हेडरओन्लीचं आउटपुट भरते. ती फेल गेली, कॉलमची संख्या जुळत नाही म्हणून. कारण प्रत्येक काही व्हर्जननंतर हेडरओन्लीमध्ये नवे कॉलम येतात, २०१४ ला एन्क्रिप्शनचे आले, २०२२ ला अजून काही आले, आणि स्क्रिप्ट लिहिलेली असते कुठल्यातरी जुन्या व्हर्जनवर. टेबल दुरुस्त करत बसण्यापेक्षा पॉवरशेलमधून इनव्होक एसक्यूएलसीएमडीने प्रत्येक फाइलवर कमांड चालवली, जे कॉलम येतील ते येऊ देत, आणि सगळं एका सीएसव्हीत. हा रस्ता सरळ आहे, व्हर्जन बदललं तरी मोडत नाही.

सीएसव्ही बघितली तर फाइलींपेक्षा ओळी किती तरी जास्त. काही फाइलींमध्ये एकाच्या मागे एक असे पंधरा-वीस बॅकअप भरलेले. एसक्यूएल सर्व्हरची डिफॉल्ट सवयच तशी आहे, त्याच नावाच्या फाइलवर परत बॅकअप घेतला आणि इनिट सांगितलं नाही तर आधीचा पुसत नाही, मागे जोडत जातो. प्रत्येकाला पोझिशन नंबर असतो. आणि रिस्टोअर करताना विथ फाइल बरोबर नंबर दिला नाही तर पहिला घेतो, म्हणजे सगळ्यात जुना. मागच्या वर्षी इथे कुणीतरी "बॅकअप टाकला पण डेटा जुनाच येतोय, फाइल खराब आहे" म्हणून एक मोठी फाइल बाजूला टाकली होती, ती पूर्ण चांगली निघाली, फक्त पोझिशन १ वरचा बॅकअप येत होता.

१२ मे

आज सगळ्यात जास्त वेळ गेला. आणि इथे नीट वाचा, कारण जिथे शोधाल तिथे सल्ला मिळतो की हेडरमधलं डेटाबेसनेम आणि सर्व्हरनेम बघा, झालं काम.

डेटाबेसनेम दोन्ही कारखान्यांत एकच, ते माहीतच होतं. सर्व्हरनेम एकच निघालं. मशीननेमही एकच. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने दोन्ही ठिकाणच्या मशीनला नुसतं 'सर्व्हर' असं नाव ठेवलेलं. युजरनेम दोन्हीकडे एसए, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा ठरलेला ॲडमिन. म्हणजे चिठ्ठी आहे, पण दोन्ही बीमांवर अक्षर न् अक्षर तीच.

मग फॅमिलीजीयूआयडी. डेटाबेस पहिल्यांदा जन्माला येतो तेव्हा त्याला हा आयडी मिळतो आणि पुढे कितीही वेळा, कुठेही रिस्टोअर केला तरी तो बदलत नाही. दोन डेटाबेसचं मूळ एक आहे का बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे सगळ्या ओळींत तो एकच! म्हणजे टॉवेल आणि चादर एकाच डेटाबेसची पोरं? दुपारभर कळेना. मग सॉफ्टवेअरवाल्याच्या जुन्या माणसाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला, ते प्रत्येक गिऱ्हाइकाकडे रिकामा डेटाबेस नव्याने बनवत नाहीत, एक कोरा साचा ठेवलाय, त्याचाच बॅकअप सगळीकडे रिस्टोअर करतात. म्हणजे त्यांच्या सगळ्याच गिऱ्हाइकांचा फॅमिलीजीयूआयडी एक असणार. पॅकेज सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कुठल्याही धंद्यात हे असू शकतं, म्हणून फॅमिलीजीयूआयडी जुळला एवढ्यावर निर्णय घेऊ नका. तो वेगळा असेल तर डेटाबेस नक्की वेगळा, पण सारखा असेल तर एवढंच कळतं की मूळ सारखं.

संध्याकाळी बाइंडिंगआयडीकडे वळलो. हा जिवंत डेटाबेसमध्ये डेटाबेसजीयूआयडी म्हणून असतो, सिस डेटाबेस रिकव्हरी स्टेटस या व्ह्यूमध्ये दिसतो, आणि रिस्टोअर करून नवा डेटाबेस तयार झाला की नवा मिळतो. म्हणजे साचा एक असला तरी टॉवेलकडे रिस्टोअर झाला तेव्हा एक आयडी, चादरीकडे झाला तेव्हा दुसरा. सीएसव्ही बाइंडिंगआयडीवर ग्रुप केली आणि सरळ तीन गट पडले. वहीत लिहिलं: क, ख, ग. क आणि ख दोन्ही ७८२, म्हणजे २०१४ वर. ग पूर्ण ८६९, म्हणजे २०१७ वर, आणि कॉम्प्रेस फाइली सगळ्या त्याच गटात.

१३ मे

कारखाने दोन, गट तीन. कुठल्यातरी एकाचा सर्व्हर मध्ये बदललेला, रिस्टोअर होऊन नवा आयडी लागलेला. ग कुणापासून आला?

डिस्कवर एमएसडीबीचा एक बॅकअप होता, नावावरून कुणी तिकडे बघितलंच नसतं. एमएसडीबीमध्ये सर्व्हर स्वतःची डायरी ठेवतो, कधी कुठला बॅकअप घेतला, कुठल्या पाथवर, आणि काय रिस्टोअर केलं. तो बॅकअप चालू एमएसडीबीवर अजिबात टाकायचा नाही, वेगळं नाव देऊन साध्या डेटाबेससारखा रिस्टोअर करायचा, आणि मग त्यातली बॅकअपसेट आणि रिस्टोअरहिस्टरी ही टेबलं वाचायची. रिस्टोअरहिस्टरीत २०२१ ची नोंद मिळाली, आणि ज्या बॅकअपवरून रिस्टोअर झालं त्याचा डेटाबेसजीयूआयडी म्हणजे आमचा क. म्हणजे क आणि ग एकाच कारखान्याचे, ख वेगळा. कारखाना कुठला ते अजून नाही कळलं, पण नातं पक्कं झालं.

याच दिवशी एक्सेलने दोन तास खाल्ले. हेडरमधले एलएसएन, म्हणजे डेटाबेसच्या लॉगमधल्या नोंदींचे क्रमांक, हे सतरा-अठरा आकडी नंबर, आणि एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य करून टाकतं. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली, एलएसएन कॉपी करून बॅकअपसेटमध्ये शोधला, एकही ओळ नाही. फाइलच दुसऱ्या सर्व्हरची असेल असं वाटायला लागलं होतं. सीएसव्ही उघडताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा, किंवा एक्सेलच्या नादी न लागता सीएसव्ही परत एसक्यूएलमध्येच टेबल करून न्यूमेरिक २५ आकडी कॉलममध्ये भरायची. शेवटी तेच केलं. जुळवायला बॅकअपसेटजीयूआयडी सगळ्यात सोपा, तो एमएसडीबीत बॅकअप सेट यूयूआयडी नावाने असतो.

१५ मे

४२ डिग्री, ऑफिसचा कूलर बंद, काम सकाळी सातला सुरू केलं.

क गटातल्या काही फाइलींची हेडरमधली तारीख १ जानेवारी २००९ च्या आसपासची. पण डेटाबेसव्हर्जन ७८२. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा बॅकअप २००९ मध्ये घेतला जाऊच शकत नाही, म्हणजे मशीनचं घड्याळ मागे गेलेलं, सीमॉसची (मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी संपली असणार. अशा वेळी तारखेवर क्रम लावू नका, एलएसएनवर लावा. एकाच डेटाबेसमध्ये एलएसएन पुढेच जातो, घड्याळ काहीही दाखवो. एलएसएनवर लावल्यावर त्या फाइली बरोबर २०१८ ची दिवाळी आणि २०१९ ची होळी यांच्या मध्ये बसल्या. आणि 'गड्डा' नावाची फाइल त्यातलीच.

दिवाणजी म्हणाले, "सर, ती मी गड्ड्याला पोरांना न्यायच्या आधल्या दिवशी घेतलेली हाय बघा, मशीन तवा सारखं तारीख विचारायचं." गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, ती संक्रांतीला, म्हणजे जानेवारीचा मध्य. एलएसएनचा क्रम आणि त्यांची आठवण दोन्ही एकाच ठिकाणी येत होत्या. अशी माणसं हाताशी असतील तर त्यांना विचारा, शेजारी बसवा. कुठली फाइल का घेतली हे हेडरमध्ये नसतं, ते त्यांच्याकडेच असतं.

१६ मे

'फायनल २' फाइल अडली. हेडर व्यवस्थित वाचलं, रिस्टोअरला ३१३२: मीडिया सेटमध्ये दोन फॅमिली आहेत, एकच दिली. लेबलओन्ली (हेडरओन्लीसारखीच, फाइलीचं लेबल वाचणारी कमांड) चालवलं, फॅमिलीकाउंट २, फॅमिलीसिक्वेन्सनंबर २. म्हणजे ही अर्धी फाइल. मॅनेजमेंट स्टुडिओच्या बॅकअप खिडकीत आधीचा पाथ न काढता पेनड्राइव्हचा पाथ जोडला की दोन कॉप्या होत नाहीत, एकच बॅकअप दोघांत वाटला जातो. एकटी अर्धी फाइल काही कामाची नाही.

पहिली अर्धी मेलेल्या सर्व्हरच्या हार्डडिस्कवर असेल असं धरून साडेचारशे रुपयांचा साटा-यूएसबी ॲडॅप्टर आणला. डिस्क शाबूत होती. तिथे बॅकअप फोल्डरमध्ये वेगळ्याच नावाची फाइल, लेबलओन्लीमध्ये मीडियासेटआयडी तोच, सिक्वेन्स १. दोन्ही फाइली एकत्र दिल्या आणि रिस्टोअर झालं, आतलं कुठलंही टेबल मात्र उघडलं नाही. नावावरून ही जोडी कधीच जमली नसती.

डिफरन्शियलच्या, म्हणजे फुल बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच घेतलेल्या, चार-पाच फाइली होत्या, बॅकअपटाइप ५. त्यांचा डिफरन्शियलबेसजीयूआयडी ज्या फुल बॅकअपच्या बॅकअपसेटजीयूआयडीशी जुळतो तोच त्यांचा बाप. दोघींना मिळाला. बाकीच्यांचा या डिस्कवर नाही, त्या बाजूला.

१७ मे

आता उघडायची वेळ. 'गड्डा' आणि ख गटातली एक, फक्त एवढ्या दोन. फाइललिस्टओन्लीने आतल्या लॉजिकल फाइलींची नावं घेतली, विथ मूव्ह देऊन नवीन पाथवर, 'तपास क' आणि 'तपास ख' या नावांनी रिस्टोअर. मूळ पाथ डी ड्राइव्हचा, लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही, त्यामुळे मूव्हशिवाय चालणारच नव्हतं.

बाकी कुठल्याही टेबलाला हात न लावता फक्त कंपनी मास्टर, म्हणजे फर्मचं नाव-नंबर असलेलं टेबल, बघितलं. जीएसटीआयएन १५ अक्षरी, सुरुवातीचे २७ महाराष्ट्राचे, पुढची दहा अक्षरं पॅन, त्यामुळे फर्म कुठली यात शंकेला जागा नाही. क मध्ये टॉवेलवाल्या धाकट्यांचा नंबर, ख मध्ये चादरवाल्या थोरल्यांचा. 'गड्डा' मधलं शेवटचं बिल ११ जानेवारी २०१९ चं. जुलै २०१७ च्या आधीचे बॅकअप असतील त्यात जीएसटीआयएन नसणार, तिथे व्हॅटचा टिन बघायचा, २७ ने सुरू होणारा आणि शेवटी व्ही.

एका गटातली एक फाइल ओळखली की त्या बाइंडिंगआयडीच्या सगळ्या ओळखल्या, बाकीच्या उघडाव्या लागत नाहीत. याच्यासाठीच एवढी मेहनत घेतली होती.

२०१८-१९ चं वर्षअखेरचं पाहिजे होतं, ते क गटात एलएसएनने पुढे गेल्यावर एप्रिल २०१९ च्या फाइलीत पूर्ण मिळालं. सुताची खरेदी काउंटवार काढून सीएंना दिली.

१९ मे

ख गटाच्या सगळ्या फाइली वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन चिंचोळीला गेलो. लॅपटॉपवरचा 'तपास ख' डेटाबेस आधीच पुसला होता. थोरल्या मालकांना सांगितलं, "मालक, तुमच्या फाइली या, मी फक्त कंपनीचं नाव आणि नंबर बघितला, बाकी काही उघडलं नाही." त्यांनी विचारलं, धाकट्याकडच्या डिस्कवर अजून आहेत का. आहेत, आणि त्या काढायला धाकटे तयार आहेत, पण तुमच्याकडे या चालतात हे आधी तपासून घ्या म्हणालो. त्यांच्या माणसाने तिथेच एक रिस्टोअर करून बघितली, चालली. मग संध्याकाळी धाकट्यांसमोर मूळ डिस्क आणि कॉपी दोन्हीवरून ख गट काढला.

२१ मे

नव्या सर्व्हरवर एक्सप्रेस आहे, त्यात ठरल्या वेळी काम चालवणारा एजंट नसतो, म्हणून टास्क शेड्युलरवर स्क्रिप्ट. रोज नवी फाइल, नावात फर्मचा शॉर्टकोड आणि तारीख. पण मुख्य गोष्ट आतली: बॅकअप कमांडमध्ये नेम आणि डिस्क्रिप्शन देता येतं, डिस्क्रिप्शनला २५५ अक्षरं जागा. त्यात फर्मचं नाव, जीएसटीआयएन आणि कारखान्याचा पत्ता टाकला. उद्या फाइलीचं नाव कुणी बदललं, ड्राइव्हवर चढवून उतरवली, तरी हेडरओन्ली मारला की पहिल्या काही कॉलममध्ये सगळं दिसतं. सोबत इनिट, आणि फाइल बिघडली तर कळावं म्हणून चेकसम. मशीनचं नाव बदललं, आता ते नुसतं 'सर्व्हर' नाही. सीमॉसची बॅटरीही नवी टाकली, चाळीस रुपये. सीएसव्हीची प्रिंट काढून दिवाणजींच्या फाइलीला लावली, प्रत्येक ओळीसमोर त्यांनी पेनने आठवेल तसं लिहिलंय, कुठली दिवाळीआधी, कुठली ऑडिटसाठी.

दोन फाइली अजून राहिल्यात. दोन्हींचा बाइंडिंगआयडी क, म्हणजे टॉवेलच्याच, पण व्हेरिफायओन्लीला (रिस्टोअर न करता फाइल तपासणारी कमांड) अर्ध्यात वाचन थांबतं. मूळ डिस्कवरची कॉपी घेऊनही तेच. दोन्ही तारखांच्या पुढच्या-मागच्या फाइली चांगल्या आहेत, त्यामुळे काम अडलेलं नाही. त्या तशाच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यात, मूळ डिस्क कपाटात आहे.